कॅलिपरचे कूळ विचारावेच लागते

‘बाकी काहीही जुनं घे, ब्रेकचा माल जुना घ्यायचा नाही.’ नागपूरच्या प्रताप नगरात हौसेची गाडी असलेल्या घरात हा नियम वडीलधाऱ्यांकडून ऐकायला मिळतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरचा सल्लागार तेच सांगतो, आणि ज्याला कॅलिपर उघडून बघायचा कंटाळा आहे तो मेकॅनिकही तेच सांगतो. जुने अलॉय व्हील चालतात, जुन्या सीट चालतात, गिअरबॉक्ससुद्धा चालतो. कॅलिपरचे नाव काढले की मात्र ‘जिवाशी खेळ कशाला?’ या नियमामागची काळजी खरी आहे. त्यातला तर्क मात्र खरा नाही. हा नियम कॅलिपरच्या वयाला घाबरतो. घाबरायला हवे ते त्याच्या अज्ञात पूर्वायुष्याला. ऋषीचे कूळ विचारू नये म्हणतात. कॅलिपरचे विचारावेच लागते, आणि ते सांगता येत असेल तर तो किती वर्षांचा आहे हा दुय्यम प्रश्न आहे.

आधी नियम पाळणाऱ्यांच्याच गाड्या बघू. त्रिमूर्ती नगरापासून खामल्यापर्यंत दारात उभ्या असलेल्या सात-आठ वर्षांच्या मोटारींवर जे कॅलिपर आहेत ते कोणत्या हातचे? वापरलेलेच. सर्व्हिसमध्ये पॅड बदलतात, फार झाले तर डिस्क बदलते. कॅलिपर कुणी ठरावीक किलोमीटरला बदलत नाही, आणि गाडीच्या कंपन्याही सहसा तसे सांगत नाहीत. त्याहून मोठी गंमत सेकंड हँड गाडीची. जे गृहस्थ मुलाला जुना कॅलिपर घेऊ देत नाहीत, तेच एक लाख किलोमीटर चाललेली सेडान घेऊन येतात, पेढे वाटतात आणि कुटुंबाला बसवून शेगावला जातात. त्या व्यवहारात चारही चाकांचे जुने ब्रेक, जुने होज पाइप आणि कधी बदलले ते ठाऊक नसलेले ब्रेक ऑइल एकदमच विकत घेतलेले असते. तिथे नियम आठवत नाही, कारण ब्रेक वेगळा बांधून हातात दिलेला नसतो.

यावर ठरलेले उत्तर येते: ‘ब्रेक झिजतो ना पण!’ झिजतो, मात्र कॅलिपरचे काय झिजते ते तरी बघा. घासून संपतात ते पॅड, पातळ होते ती डिस्क, कडक होऊन चिरते ते रबर, पाणी पिते ते ऑइल. कॅलिपरचे घर, म्हणजे बीडाचे किंवा ॲल्युमिनियमचे ओतीव धूड, कशावर घासतच नाही. आत पिस्टन असतो आणि त्याच्याभोवती चौकोनी काटछेदाचे एक रबरी सील. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकतो आणि सील त्याला धरून जरासे पिळते. पाय काढला की सील मूळ आकारात येते आणि पिस्टनला केसभर मागे ओढते. पॅड डिस्कपासून सुटतात ते या छोट्याशा रबराच्या जोरावर. रबर मेले की पिस्टन परत येत नाही, ब्रेक चिकटतो, चाक तापते, गाडी एका बाजूला ओढते. अशा वेळी सील किट बदलावे लागते, ते नवे मिळते आणि कॅलिपरच्या मानाने फार स्वस्त असते. डेन्मार्कमध्ये बुडवेग नावाची कंपनी जुने कॅलिपर गोळा करून, उघडून, नव्या रबरासह पुन्हा बांधून विकण्याचाच धंदा करते. अमेरिकेत दुकानदार जुना कॅलिपर परत घेऊन अनामत परत करतो, कारण त्या धातूला पुढचा जन्म आहे हे त्याला माहीत असते.

युरोपीय संघाचा २००५चा एक निर्देश इथे बोलका आहे. भंगारात गेलेल्या गाडीचे कोणते भाग नव्या गाडीच्या बांधणीत पुन्हा वापरायचे नाहीत, याची यादी त्यात दिली आहे. एअरबॅग आहेत, सीट बेल्ट आहेत, स्टीअरिंग लॉक आहे, इमोबिलायझर आहे, धुराड्याचा उत्प्रेरकही आहे. ब्रेकचा कॅलिपर त्या यादीत नाही. एअरबॅग एकदाच फुटायची वस्तू आहे आणि ती चांगली आहे की नाही हे फोडल्याशिवाय कळत नाही. कॅलिपर उघडता येतो, मोजता येतो, बांधून दाब देऊन तपासता येतो. ज्या भागाची तपासणी शक्य आहे आणि ज्याची नाही, त्या दोघांना ‘सेफ्टीचा माल’ म्हणून एकाच पोत्यात भरण्यात शहाणपण नाही.

‘पण आपल्या गाडीचा कॅलिपर आपल्याला माहीत असतो, बाजारातला कुणाचा ते कळत नाही.’ हा विरोधी बाजूचा सगळ्यात चांगला मुद्दा आहे आणि मी तो आनंदाने स्वीकारतो, कारण तो मांडताच त्यांचा मूळ नियम गळून पडतो. अडचण वयाची उरली नाही, माहितीची झाली. आणि माहिती मिळवता येते.

याचा पुरावा नागपूरकरांना विमानतळाच्या पलीकडेच आहे. मिहानमध्ये बोइंगने बांधून दिलेले एअर इंडियाचे विमान दुरुस्ती केंद्र २०१५ मध्ये सुरू झाले. विमान देखभालीच्या जगात वापरलेला भाग काढणे, उघडणे, तपासणे आणि पुन्हा बसवणे हे रोजचे काम आहे. विमानाची चाके आणि ब्रेकही असेच फिरतात. मात्र भागासोबत कागद फिरतो: कोणत्या विमानातून निघाला, किती वापर झाला, कुणी तपासला, कुणी सही केली. कागद नसेल तर भाग कितीही चकचकीत असला तरी बसत नाही. आता कुणी म्हणेल की कागदही खोटे असतात. असतात. २०२३ मध्ये ब्रिटनच्या एओजी टेक्निक्स या कंपनीने जेट इंजिनांचे भाग बनावट कागदांवर जगभर विकल्याचे उघड झाले, आणि विमान कंपन्यांना इंजिने उघडून ते भाग शोधावे लागले. पण तिथे कुणी ‘जुने भाग बंद करा’ म्हटले नाही. कागद पडताळण्याची पद्धत घट्ट करा म्हटले. शिवाय ते भाग शोधता आले तेही मागे नोंदी होत्या म्हणूनच.

आता दुसरा बालेकिल्ला: ‘नवा घ्या, म्हणजे निर्धास्त.’ कुठला नवा? ब्रेम्बो ही इटलीत बेर्गामोजवळ १९६१ मध्ये सुरू झालेली कंपनी. पुण्याजवळ चाकणलाही तिचा कारखाना आहे. तिच्या नावाचा बनावट माल इतका झाला की चढ्या दर्जाच्या सुट्या भागांच्या खोक्यात तिला पडताळणीचा सांकेतिक क्रमांक असलेले कार्ड घालावे लागले. आपल्याकडे तर नुसते प्लास्टिकचे लाल झाकण मूळ कॅलिपरवर चिकटवून त्यावर तेच नाव मिरवले जाते; ते निदान निरुपद्रवी थट्टेपुरते. खोक्यातला बनावट कॅलिपर थट्टा नसतो. धातू कोणता, ओतकामात पोकळी राहिली का, पिस्टनचे माप किती काटेकोर, यातले काहीच बाहेरून दिसत नाही आणि त्याने एकही उन्हाळा काढलेला नसतो. अस्सल कंपनीचा, ओळखीच्या गाडीतून निघालेला, उघडून दाखवलेला जुना कॅलिपर एका पारड्यात आणि सीलबंद खोक्यातला संशयास्पद नवा दुसऱ्यात, तर मी पहिला घेईन. ‘जुना नको’ हा नियम ग्राहकाला नेमका दुसऱ्याकडे ढकलतो, कारण अस्सल नव्याची किंमत ऐकून तो मागे फिरलेला असतो.

कधीकधी तर अस्सल नवा माल पैसे मोजूनही वेळेवर मिळत नाही. पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला तयार झालेली अबार्थ पुन्तो २०१५ मध्ये आली: १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क, तरुणांचे लक्ष वेधणारी. आज फियाटची नवी गाडी भारतात विकलीच जात नाही. स्कोडाने २०२० मध्ये ऑक्टाविया आरएस २४५ च्या अवघ्या २०० गाड्या इथे विकायला काढल्या. तेवढ्या गाड्यांसाठी कोणता दुकानदार कॅलिपर शेल्फवर मांडून बसेल? अशा मालकाला ‘जुना घेऊ नकोस’ सांगणे म्हणजे चिकटलेल्या ब्रेकवर तशीच चालव असे सांगणे आहे.

इतके बोलल्यावर जुना माल विकणारी मंडळी खूश झाली असतील. त्यांच्याशीही भांडण आहेच. ‘लोखंडच ते, धुऊन रंग मारला की झालं’ हे त्यांचे घोषवाक्य सर्व्हिस सल्लागाराच्या भीतीपेक्षा जास्त घातक आहे. रंग मारलेला जुना कॅलिपर मी हातात घेत नाही. कॅलिपर कोणत्या हालातून गेला हे त्याच्या मूळ रंगावर लिहिलेले असते. वारंवार तापलेला लाल कॅलिपर तपकिरी पडतो, त्याचे डस्ट कव्हर पापडासारखे कडक होते. त्यावर ताजा रंग मारणे म्हणजे पुरावा पुसणे. डिझेल-पेट्रोलने धुणे त्याहून वाईट. ब्रेकची रबरे ज्या जातीची असतात त्यांना खनिज तेल चालत नाही. ती फुगतात आणि पिस्टन अडकतो. बाहेरून आरसा, आत फुगलेले सील, असा माल विकणाऱ्यामुळेच सगळा बाजार बदनाम झाला आहे.

मग बघायचे काय? डस्ट कव्हर मागे सारायचे आणि पिस्टनच्या कडेकडेने बोट फिरवायचे. पाणी साचते ते तिथेच. क्रोमवर सुईने टोचल्यासारखे खड्डे लागले तर तो पिस्टन बाद, कारण नवे सीलही त्या खड्ड्यांवर घासून फाटेल. हवा काढायचे निपल आणि होज पाइपचा बॅन्जो बोल्ट यांचे आटे बघायचे. पान्याने गोल झालेले निपल म्हणजे आधी कुणी तरी जोरजबरदस्ती केलेली. सरकत्या कॅलिपरच्या स्लाइड पिन हाताने सरकल्या पाहिजेत. दोन अर्धे बोल्टने जोडलेले असतील तर त्या बोल्टवर पान्याच्या खुणा नसाव्यात. आणि निपल वर आहे ना, हे बघायचे. डाव्या बाजूचा कॅलिपर उजवीकडे बसवला तर निपल खाली जाते, हवा वरच अडकते, आणि कितीही वेळा एअर काढली तरी पेडल मऊच राहते. ज्या कॅलिपरात लहान-मोठे पिस्टन असतात त्यात लहान पिस्टन डिस्क आत शिरते त्या बाजूला हवा. बाजू बदलली की पॅड तिरपे झिजतात. एकाच बाजूचे दोन नग ‘जोडी’ म्हणून गळ्यात मारणारे महाभागही आहेत.

विक्रेत्यांचे दुसरे गारूड म्हणजे ‘चार पिस्टन, चौपट ब्रेक’. हिशेब करून बघा. सरकत्या कॅलिपरात ५४ मिलिमीटरचा एक पिस्टन असेल तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे २२९० चौरस मिलिमीटर. चार पिस्टनांच्या स्थिर कॅलिपरात प्रत्येक बाजूला ३८ मिलिमीटरचे दोन असतील तर एका बाजूचे क्षेत्रफळ सुमारे २२६८. आवळण्याची ताकद एका बाजूच्या क्षेत्रफळावर ठरते, कारण सरकता कॅलिपर प्रतिक्रियेने दुसऱ्या बाजूचा पॅडही तितक्याच जोराने ओढून घेतो. म्हणजे दोन्ही जवळपास सारखेच. एका झटक्यात गाडी किती अंतरात थांबेल हे शेवटी टायरच्या पकडीवर ठरते. चाक लॉक होण्याइतका जोर साध्या ब्रेकलाही असतो. मोठी डिस्क आणि मोठा कॅलिपर यांचा फायदा उष्णता पेलण्यात आहे, पुन्हा पुन्हा जोरात ब्रेक मारावा लागतो तिथे. उलट पुढचे पिस्टन फार मोठे घेतले तर पेडल खोल जाते आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा कंपनीने बसवलेला समतोल बिघडतो. शंकर नगर ते प्रताप नगर एवढ्या फेरीसाठी कुणाला सहा पिस्टन लागत नाहीत.

पण नागपूरकर आता फक्त शहरात फिरत नाही. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. शिवमडक्याला गाडी चढली की मोटारीला १२० ची मुभा आहे. ताशी १२० किलोमीटरवर गाडीत ६० च्या चौपट ऊर्जा असते आणि ती सगळी ब्रेकला उष्णता करून फेकावी लागते. याच महामार्गावर परिवहन विभागाने टायर घासलेल्या गाड्या परत पाठवण्याची मोहीम घेतली, आणि ठीकच केले. टायर बाहेरून दिसतो म्हणून तपासला जातो. ब्रेक ऑइल दिसत नाही. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू २३० अंश सेल्सिअस. त्यात साडेतीन-पावणेचार टक्के पाणी मुरले की मानकाची अपेक्षा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळले की नळीत वाफ होते आणि पेडल तळाला जाते, कॅलिपर शोरूमचा असला तरी. जुना कॅलिपर नको म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या गाडीचे ऑइल शेवटचे कधी बदलले ते एकदा सर्व्हिसच्या बिलात शोधावे.

कूळ विचारायचे ते का, याचे कारण याच शहरात आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसले. तळघरात, अंगणात उभ्या गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी भंगारात गेली तरी तिचे सुटे भाग कुठे ना कुठे जातातच. त्या गाडीचा कॅलिपर कमी चाललेला असेल, पॅड जाड असतील, रंग झकास असेल; पण डस्ट कव्हरखाली गाळाचे पाणी महिनाभर राहिलेले असेल. पन्नास हजार किलोमीटर चाललेला कोरडा कॅलिपर त्याहून कितीतरी बरा. वय विचारणाऱ्याला हे कळणार नाही. कूळ विचारणाऱ्याला कळेल.

चोरीच्या मालाचेही तसेच. मेरठचे सोतीगंज चोरीच्या गाड्या तोडण्यासाठी इतके गाजले की २०२१ च्या अखेरीस पोलिसांनी तो बाजारच बंद पाडला. ‘म्हणून जुना माल नकोच’ असा अर्थ काढणारे विसरतात की चोरीचा माल फोफावतो तो कागद न मागणाऱ्या गिऱ्हाइकाच्या जिवावर. ज्या पावतीने कॅलिपरचा इतिहास कळतो त्याच पावतीने तो चोरीचा नाही हेही कळते.

कायद्याबद्दल घाबरवणाऱ्यांनाही नीट वाचायला सांगायला हवे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १८२-अ कलम आले. केंद्राने सुरक्षेसाठी कळीचा म्हणून अधिसूचित केलेला सुटा भाग नियमांत बसत नसताना विकला, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा नगामागे एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. कायदा मानकात बसतो का हे विचारतो. कितव्या हातचा हे विचारत नाही. त्याच गाडीचा, त्याच मापाचा कॅलिपर बदलणे ही दुरुस्ती आहे. कंपनीने दिलेल्यापेक्षा मोठा संच चढवणे मात्र वेगळी गोष्ट. कलम ५२ गाडीतल्या फेरफारांना आवर घालते, आणि फेरफार बेकायदा ठरला तर मालकालाही शिक्षा आहे. तिथे हौशी मंडळींनी आधी आरटीओ आणि विमा कंपनीला लेखी विचारावे. अपघातानंतर वाद घालण्यात अर्थ नाही. हा इशारा नव्या संचालाही तितकाच लागू आहे.

शेवटची हरकत राहते: ‘सामान्य माणसाला हे खड्डे, आटे, पिस्टन कसे समजणार? त्यापेक्षा बंदीच बरी.’ सामान्य माणसाने समजून घ्यावे असे मी म्हणतच नाही. त्याने अटी घालाव्यात. कोणत्या गाडीचा, कोणत्या वर्षाचा, अपघाताचा की पुराचा की साधा काढलेला, हे पावतीवर लिहून हवे. माल न रंगवता, न धुता हवा. डावा-उजवा जोडीने हवा. मेकॅनिकने उघडून बाद ठरवला तर परत घेण्याची बोली हवी. सील, डस्ट कव्हर, तांब्याचे वायसर, पॅड आणि ऑइल नवेच हवे, आणि होज पाइप जुना कधीच नको. एवढ्यापुरता वडीलधाऱ्यांचा नियम मीही पाळतो. बांधणाऱ्याने इंजिन चालू करून, पेडल जोरात दाबून धरून गळती बघितल्याशिवाय चाक चढवू नये. आणि गाडी भंगारात काढणाऱ्या नोंदणीकृत केंद्रांकडे तर प्रत्येक गाडीचा नोंदणी क्रमांक, वर्ष आणि मालक यांची नोंद असतेच. २०२१ च्या नियमांनी ही केंद्रे उभी राहिली आणि हे धोरण रेटणारे केंद्रीय मंत्री नागपूरचे खासदार आहेत. गाडीच्या नोंदीवरून कॅलिपरला एक चिठ्ठी बांधून तो उघडपणे विकायची व्यवस्था त्यांच्या खात्याने लावली, तर अंधारातल्या बाजाराचा निम्मा धंदा आपोआप बसेल. बंदीने तो वाढेल, कारण गरज कायम राहील आणि प्रश्न विचारायची सोय जाईल.

विकणाऱ्याला या अटी जाचक वाटत असतील तर वाटोत. ज्या दुकानदाराला आपल्या जुन्या मालाचे मूळ सांगायची लाज वाटते, त्याच्याकडचा सीलबंद नवा मालही घेऊ नये.